काळं, करडं आणि तांबडं-निळं

कमलेशने मला एका कप चहात पसंत केलं होतं. जामसरला माझ्या माहेरच्या ओट्यावर बसला, माझ्याकडे एकदा बघितलं, बशीतला चहा संपवला आणि शेजारी बसलेल्या काकाला म्हणाला, "बेस हाय." जीप घेतली तेव्हाही तेच. बॉनेट उघडून आत डोकावला, टायरला एक लाथ घातली आणि चावी मागितली. बायको आणि जीप, आयुष्यातल्या दोन मोठ्या गोष्टी, या माणसाने उभ्या उभ्या ठरवल्या. आणि हातात धरून खेळायचं एक गेमचं मशीन घ्यायचं, तर दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी तोंडावर आली, तरी याचं आपलं बघणंच चालू.

मी खोडाळ्याच्या बाजारात गिरणी चालवते. भात, नागली, मिरची, येईल ते. दिवसभर पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायचं, त्यामुळे माझं साधं बोलणंही लोकांना भांडण वाटतं. पण हे सांगताना मी खरोखरच भांडते आहे, गैरसमज नको.

मशीन कमलेशला स्वतःसाठी नको होतं. धाकट्या भावासाठी, सख्यासाठी हवं होतं. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात सखा मोखाड्याहून घरी येताना घाटातल्या वळणावर मोटरसायकलवरून पडला. डावा खांदा रस्त्यावर आपटला. हाड मोडलं नाही, चामडी थोडी सोलवटली, एवढंच. पण त्या दिवसापासून डावा हात खांद्यापासून लोंबतो तो लोंबतोच. नाशिकच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं होतं. मानेतून हातात उतरणाऱ्या शिरा मुळातून तुटल्यात, हा हात आता उठणार नाही. मी ऐकलं. कमलेशने ऐकलं. माझ्या सासूने, हिराबाईने ऐकलं. सख्याने तर ऐकलंच, हात त्याचा होता. आणि घरी आल्यावर आमच्यापैकी एकानेही ते वाक्य पुन्हा तोंडातून काढलं नाही.

सखा बावीस वर्षांचा. पाड्यातली त्याच्या वयाची सगळी पोरं दिवाळी झाली की भिवंडी-ठाण्याकडे कामाला निघून जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि सखा. सकाळी ओट्यावर बसायचा तो संध्याकाळी कमलेशची जीप आली की उठायचा. मोबाईलवर गेम खेळायला बघायचा, पण त्याला दोन अंगठे लागतात. मोबाईल गुडघ्याला टेकवून एका अंगठ्याने दोन्हीकडे पोचायची धडपड करायचा आणि दर वेळी हरायचा. मग मोबाईल बाजूला ठेवून रस्त्याकडे बघत बसायचा. ते रस्त्याकडे बघणं मला बघवत नव्हतं.

दिवाळीच्या आधी मी गिरणीचा पट्टा घ्यायला जव्हारला गेले, तेव्हा त्याला सोबत नेलं. स्टँडजवळ तुषारचं मोबाईलचं दुकान आहे. तुषार मुंबईहून काहीबाही आणून विकतो. त्याच्या काउंटरवर तीन मशिनं मांडलेली होती. एक काळं, एक करडं. दोन्ही रुंद, जाड, दोन्ही हातांत धरून खेळायची. आणि तिसरं तांबडं-निळं. त्याचा मधला पडदा वेगळा, एका बाजूला तांबडी मूठ, दुसऱ्या बाजूला निळी. खटका दाबून वर ओढली की मूठ सुटून येते. पडदा काउंटरवर उभा करायचा, मूठ हातात धरायची आणि खेळायचं.

तुषारने तांबडी मूठ सोडवून सख्याच्या उजव्या हातात दिली. गाड्यांची शर्यत होती. गाडी आपोआप पळायची, मूठ तिरकी केली की वळायची. सख्याने मूठ तिरकी केली, तसा स्वतःही तिरका झाला. वळणावर त्याचं डोकं, खांदे, सगळं अंग वळायला लागलं. दोनदा हरला, तिसऱ्यांदा जिंकला, आणि हसला. तोंड उघडून, आवाज करून, पडायच्या आधी हसायचा तसा. पट्टा घ्यायचा होता हे मी विसरून गेले. त्या हसण्यासाठी मी गिरणीसुद्धा विकली असती.

रात्री जेवताना सखा म्हणाला, "दादा, मना ते तांबडं-निळं हवं."

"घेऊ की," कमलेश म्हणाला. "जरा बघून घेऊ. दुसरी पण हायेत ना बाजारात."

हिराबाई आमटी वाढत होती. तिचा हात तसाच थांबला. तिने विचारलं, "ते कसं खेळतात?" सख्याने सांगितलं, एका हाताने. हिराबाईने आमटी वाढून पुरी केली. जेवणं झाल्यावर मात्र मागच्या दारी मला गाठून म्हणाली, "वेणू, घरात काठी नको आणूस."

ही काठी काय, ते सांगितलं पाहिजे. कमलेशचा आजा, लाडक्या, तरणाताठा असताना मोहाच्या झाडावरून पडला. पाय मोडला. पाय जुळत आला होता म्हणे. तेवढ्यात कुणीतरी मायेने बांबूची काठी तासून आणून दिली, आणि लाडक्या आज्याने ती धरली ती मरेपर्यंत सोडली नाही. घरातली माणसं म्हणाली, काठी आली म्हणून पाय कायमचा बसला. तेव्हापासून या घरात माणूस बरा होईपर्यंत आजाराची वस्तू उंबऱ्याच्या आत येत नाही. बाळ जन्मायच्या आधी जशी झोळी बांधत नाहीत, तसंच. हिराबाईच्या हिशेबात एका हाताने खेळायचं मशीन म्हणजे काठीच होती. ते घरात आलं की डावा हात म्हणणार, आता माझं काय काम?

त्यात बोहाडा जवळ येत होता. होळी झाली की आमच्याकडे गावोगाव बोहाडा होतो, देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या घराकडे वेताळ. मोठा लाकडी मुखवटा आणि दोन्ही हातांत पेटते टेंभे. घरातल्या धाकट्याने नाचायचं. सखा नाचायला लागला की पोरं भिऊन आयांच्या मागे लपायची. गेल्या साली चुलत भाऊ देवानंदने त्याच्या बदली नाचून दिलं. या साली सखाच नाचणार, असं हिराबाई अख्ख्या गावाला सांगून बसली होती. रोज संध्याकाळी त्या हाताला तेल चोळायची आणि म्हणायची, "बोहाड्यापर्यंत येईल."

आता आमचे यजमान कमलेश. आईला तोडून बोलायचं नाही, भावाला नाही म्हणायचं नाही. मग काय करायचं? बघायचं. आमच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून जीप लावून हा वरच्या वळणावर जाऊन बसायला लागला. तिथे मोबाईलवर शहरातली पोरं मशिनं उलगडून दाखवतात ती बघायची आणि घरी येऊन जेवताना आम्हाला शिकवायचं. काळ्याचा पडदा मोठा, पण वजन जास्त. करडं हलकं, पण आत जागा कमी. काळ्यात गेम पटकन उघडतो. करड्याचा पंखा आवाज करत नाही. काळ्याची बटणं जरा लांब आहेत, करड्याची जवळ आहेत.

"कोणाच्या हातापासून लांब?" मी एकदा विचारलं.

त्याने भाकरी मोडली आणि खाली बघून खायला लागला.

तांबड्या-निळ्याचं नावही तो घेत नव्हता. आणि घेतलं तरी काहीतरी खुसपट काढायला. हा माणूस शर्टाची दोन बटणं तुटली तरी महिनाभर तसाच फिरतो, आणि मला पडद्यावरच्या रंगांचा उजळपणा समजावून सांगत होता! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मला कळत होतं तो काय करतोय ते. दोन हातांची मशिनं बघत होता, म्हणजे दोन हात धरून चालला होता. आणि घेत नव्हता, कारण घेतलं की ते सख्याच्या हातात द्यावं लागणार होतं.

एकदा मी त्याच्याच जीपने जव्हारला निघाले, तर बघते काय, जीपमध्येही तेच दळण. पुढे ड्रायव्हर धरून चौघं, मागे कोंबून भरलेले, त्याच्याही मागे फाळक्यावर बाबल्या लोंबकळलेला. हा बाबल्या कमलेशचा क्लिनर. रंगू म्हातारी मांडीवर कोंबडा घेऊन बसली होती. तिने या मशिनांपैकी एकही कधी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं.

"कमलेश, त्या काळ्याची बॅटरी किती वेळ टिकते म्हणालास?"

"दोन-तीन तास, मावशी. करड्याची जरा जास्त."

"मंग करडं घे. लाईटीचा काय भरवसा?"

"काळं घ्या!" बाबल्या मागून ओरडला. "करड्यावर हाताचा मळ दिसतो."

"काळं उन्हात तापंल की रं," पुढून कुणीतरी म्हणालं.

"ओट्याला सावली हाय."

"त्याच्यात भजनं वाजतात का?" रंगू म्हातारीने विचारलं.

"नाय मावशी. गेम असतात."

"मंग काय कामाचं? त्यापरीस रेडिओ घे."

मला राहवलं नाही. मी मागच्या सीटवरून, गिरणीतल्या आवाजात ओरडले, "आणि ते तिसरं का नको?"

कमलेशने उगाच गिअर बदलला. "त्याचा पडदा फिका हाय," तो म्हणाला. "ताकद पण कमी हाय त्याच्यात."

"ताकद काय करायची? नांगराला जुंपणार आहेस का त्याला?"

एक-दोघं हसले आणि लगेच थांबले. रंगू म्हातारी कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत बाहेर बघायला लागली. जीपमधल्या प्रत्येकाला सख्याचा हात माहीत होता, आणि काय बोलायचं नाही तेही माहीत होतं.

तुषारलाही मी झापलं. "तू तरी सांग ना त्याला. तू दुकानदार आहेस."

"वैनी, मी दहा वेळा ते मशीन त्याच्यासमोर ठेवलं," तुषार म्हणाला. "तो हातच लावत नाय. प्रोसेसर विचारतो, रॅम विचारतो, मागे फिरवून बघतो. बाकी दोन्ही मशिनांची माहिती आता माझ्यापेक्षा त्यालाच जास्त झालीय. गिऱ्हाईक आलं की मी त्यालाच बोलायला लावतो."

मी कपाळावर हात मारून घेतला.

होळीच्या आठवड्यात सखा गिरणीत आला. नागलीची पिशवी उजव्या खांद्यावर होती. ती उतरवली, पिशवीचं तोंड दातांनी धरून गाठ सोडली, नागली डब्यात ओतली. कुणी मदतीला गेलं की त्याला आवडत नाही, म्हणून मी जागची हलले नाही.

"काय ठरलं वैनी?" त्याने विचारलं. "काळं का करडं?"

"तुला हसू येतंय?"

"मंग काय करू? दादाला घेऊ दे कायतरी."

"आणि तू खेळणार कसा?"

"तवर हात येईल ना," तो म्हणाला. अगदी हिराबाईच्या आवाजात, मान तश्शीच हलवून. मग नक्कल सोडून त्याने माझ्याकडे बघितलं. मी गिरणी बंद केली.

"वैनी, मना म्हाईत हाय. नाशिकलाच कळलं होतं. पण आय रोज तेल लावते. तिला काय सांगू, नको लावू म्हणून? आणि दादासमोर बोललो तर दादा रडंल. तो रडलेला मना नाय बघवणार."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तुम्ही तिघं एकमेकांना जपत बसा, आणि मशीन दुकानात पडू दे! तोंडं आहेत ना तुम्हाला?"

"तुला पण तोंड हाय की," सखा म्हणाला. "तू कुठं बोलतेस?"

बाजारभर ऐकू जाईल एवढा माझा आवाज. पण तेव्हा मी नुसती गिरणी पुन्हा चालू केली. नागली दळून त्याच्या खांद्यावर दिली आणि ठरवलं, आज रात्री जेवताना मी बोलणार. सासू ओरडली तर ओरडली.

बोलायची वेळच आली नाही. त्याच संध्याकाळी जीपचा हॉर्न लांबूनच वाजायला लागला. कमलेश खोकं छातीशी धरून उतरला. मागून बाबल्या, देवानंद, आणि उतारूंपैकी ज्यांचं घर पुढे होतं तेही. रंगू म्हातारीही कोंबड्याशिवाय आली होती. सगळ्या जीपने मिळून घेतलं होतं ना मशीन!

"काळं!" कमलेश म्हणाला. घामाने डबडबलेला, तोंड फुललेलं. "सगळ्यात बेस. सगळ्यांनी हेच सांगितलं. याच्या पुढे दुसरं काय नाय, सख्या."

मला त्याचा इतका राग आला की मी आतच गेले. पण मग बाहेर येऊन दारात उभी राहिले, कारण जे होणार होतं ते मला दिसत होतं.

हिराबाईने खोक्याला हळदकुंकू लावलं. कमलेशने पिशव्या सोडवल्या आणि मशीन सख्याच्या मांडीवर ठेवलं. काळं, चकचकीत, भाताच्या सुपाएवढं रुंद वाटलं मला ते. सख्याने उजव्या हाताने त्याची उजवी बाजू धरली. डावी बाजू खाली कलली. मशीन मांडीवरून घसरायला लागलं.

"थांब," हिराबाई म्हणाली. तिने त्याचा डावा हात मनगटाला धरून उचलला, मशीनच्या डाव्या बाजूला ठेवला, एकेक बोट वळवून काठावर बसवलं. मग स्वतःचा हात काढून घेतला. बोटं सुटली. हात मांडीवर पडला.

तिने पुन्हा उचलला. पुन्हा बोटं वळवली. या वेळी वरून दाबून धरून थोडी थांबली, गरम भांड्यावर झाकण बसतंय का बघावं तशी. हात काढला. पडला.

तिसऱ्यांदा तिने उचलायला घेतला तेव्हा देवानंदने तोंड फिरवलं. कमलेश हातात रिकामं खोकं घेऊन उभा होता.

"झकास हाय दादा," सखा म्हणाला. "खरंच. किती उजेड हाय पडद्याला!" मग तो ओट्यावर थोडा सरकला. "बस हितं. डावीकडं. तू तिकडची बाजू धर."

कमलेश बसला. दोघांच्या मध्ये तो लोंबता हात. कमलेशने डाव्या हाताने मशीनची डावी बाजू धरली, सख्याने उजव्या हाताने उजवी. गाड्यांचाच गेम होता. डाव्या अंगठ्याने गाडी वळवायची, उजव्या बोटाने पळवायची. सख्याने पळवली. कमलेशने ती सरळ भिंतीत घातली.

"वळव ना!"

"वळवली की!"

पुन्हा पळवली. पुन्हा भिंत. मग झाड. मग पुलावरून खाली. रोज घाटातून भरलेली जीप डोळे मिटून नेणारा माणूस, त्याला त्या बोटभर गाडीचं एक वळण जमेना. बाबल्या खुसुखुसु हसायला लागला. सखाही हसत होता. गाडी परत पाण्यात गेली तेव्हा तो कमलेशच्या खांद्यावर डोकं आपटून म्हणाला, "दादा, तुझा डावा तर माझ्यापरीस निकामी हाय रं!"

बोलला आणि थांबला.

तो शब्द आमच्या घरात तोवर कुणी काढला नव्हता. बाबल्याचं हसू गेलं. मी हिराबाईकडे बघितलं. ती खाली, ओट्याच्या पायरीवर बसली होती, तेलाची वाटी जवळ घेऊन, रोजच्या वेळेला बसायची तशी. कमलेशने मशीन सोडलं नाही, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्याच्याकडे उजवा हात मोकळा होता, तरी त्याने पुसलं नाही.

"नाय येणार ना रं तो?" हिराबाईने विचारलं. कमलेशला नाही, मला नाही. सख्याला विचारलं.

"नाय आय," सखा म्हणाला. "नाय येणार."

हिराबाईने वाटीत बोटं बुडवली. त्याचा डावा हात मांडीवर घेतला आणि रोजच्यासारखं तेल चोळायला सुरुवात केली. खांद्यापासून बोटांपर्यंत, एकही बोट न सोडता. बराच वेळ चोळत राहिली. लोक एकेक करून उठून गेले. सगळे गेल्यावर तिने वाटी पालथी ठेवली आणि कमलेशला म्हणाली, "उद्या जव्हारला कधी निघतोस? मी येते."

सकाळी रंगू म्हातारीला मागे बसवून हिराबाई पुढच्या सीटवर बसली. मी गिरणीला कुलूप लावलं आणि चढले. सखा घरीच राहिला. काळ्या मशीनचं खोकं माझ्या मांडीवर होतं. जीपमध्ये कुणी बॅटरीचं नाव काढलं नाही. घाट चढताना हिराबाई कमलेशला एवढंच म्हणाली, "या साली वेताळ तू घे. सख्या तुला नाचायचं शिकवील." कमलेशने मान हलवली.

तुषारने खोकं उघडलेलं बघून तोंड वाकडं केलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते सरळ केलं. "बदलून देतो वैनी," तो म्हणाला आणि तांबडं-निळं काउंटरवर ठेवलं. पडदा उभा केला. खटका दाबून तांबडी मूठ ओढून काढली आणि मला द्यायला हात पुढे केला. हिराबाईने मधेच ती घेतली.

उजव्या हातात घेतली. मग डावा हात पदराखालून पाठीमागे नेला, कमरेवर उलटा ठेवला आणि तिथेच धरून ठेवला.

"चालू कर," ती म्हणाली.

गाडी सुटली. हिराबाईने मूठ तिरकी केली. गाडी भिंतीला घासली, परत रस्त्यावर आली, उलटी फिरली. बटण कुठलं दाबायचं ते तुषार सांगायला लागला, तर तिने त्याला थांबवलं. स्वतःच अंगठा सरकवत सरकवत प्रत्येक बटणापर्यंत नेऊन बघितला, तिथपर्यंत एका हाताने पोचता येतं की नाही. मूठ खाली ठेवली, एका हाताने उचलून बघितली. पडद्याला परत लावली, परत एका हाताने काढून बघितली. ती पहिल्यांदा निघेना, तर पडदा कोपराने दाबून धरून काढली. दिवाळीपासून चाललेल्या बघण्यात ही एक गोष्ट कुणी बघितली नव्हती.

"आय," कमलेश काउंटरवर वाकून म्हणाला, "याच्यातच अजून एक येतं. त्याचा पडदा जरा मोठा हाय. मी म्हणतो, घाई न करता आपण दोन्ही जरा..."

"गप बस!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

तुषारने दुसरा गेम लावून दिला, चेंडू मारायचा. हिराबाईने मूठ हवेत फिरवली. पहिले दोन चेंडू गेले, तिसरा लागला. त्या झटक्याने तिचा पदर डोक्यावरून खाली घसरला. आता तो सावरायला डावा हात पुढे येईल असं मला वाटलं. नाही आला. मूठ धरलेल्या हातानेच तिने तो कसाबसा वर सरकवला, आणि अर्धा खांद्यावर, अर्धा डोक्यावर असताना म्हणाली, "हे द्या. हे त्याला जमंल."